धाकट्याला दहावा वाढदिवस नको आहे. त्याची ताई दहाव्या वर्षानंतर गेली

दोघांची_आई

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आमची मोठी मुलगी अडीच वर्षांपूर्वी गेली. दहा पूर्ण होऊन काही महिने झाले होते तिला. मेंदूच्या देठात गाठ होती, डॉक्टर तिला डीआयपीजी म्हणतात. ज्यांना या आजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की ही गाठ ऑपरेशनने काढता येत नाही. ती चांगल्या पेशींमध्ये मिसळून वाढते, आणि श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल हे सगळं नेमकं तिथूनच चालतं. सुरुवातीला तिला एकाची दोन दिसायला लागली, मग चालताना तोल जायला लागला. रेडिएशननंतर काही महिने ती इतकी छान होती की धाकट्याने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं, माझी ताई बरी झाली. तेव्हा तो सात वर्षांचा होता.

पुढच्या महिन्यात त्याला दहा पूर्ण होतील. वाढदिवस करायचा नाही, असं त्याने मला सांगितलंय. का, असं विचारलं तर "नको" एवढंच. रडणं नाही, चिडणं नाही. एरवी दिवसभर तो अगदी गुणी असतो. चपला जागेवर, अभ्यास वेळेवर, ताटात वाढलेलं निमूट संपवणार. पूर्वी हा मुलगा एका चेंडूसाठी जमिनीवर लोळायचा. आता काही मागतच नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, किती समजूतदार आहे हो. माझ्या सासूबाईसुद्धा म्हणतात, "पोराने स्वतःला किती सावरलंय बघ, तूच काय ते मनाला लावून घेतेस." मला त्याचा हट्ट परत हवा आहे.

रात्री कधीकधी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहतो. मी जागी आहे असं वाटलं की परत जातो. हल्ली एक नवीन खेळ काढलाय. पॅसेजमधल्या फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत लावत चालायचं, टोकापर्यंत जायचं, परत यायचं. रोज. आजी ओरडते, पडशील म्हणून. आणि आरशासमोर बराच वेळ असतो, एक बोट डावीकडून उजवीकडे नेत. मोठा होतोय, आरशाचं वेड लागणारच, असं नवरा म्हणतो.

नवऱ्याबद्दलही लिहायला हवं. तो वाईट माणूस नाही. मुलीच्या शेवटच्या दिवसांत त्याने जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पण ती गेल्यापासून तो तिचं नाव घेत नाही. वाढदिवसाचं सांगितलं तर म्हणाला, "नकोय तर नको. विषय कशाला उकरायचा?" मूल गेल्यावर बहुतेक संसार मोडतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं, ते डोक्यातून जात नाही. नातेवाईक मला दुःखाचे पाच टप्पे सांगतात. मी अजून रागाच्या टप्प्यावर अडकले आहे असं त्यांचं मत आहे.

माझा प्रश्न साधा आहे. वाढदिवस करावा की करू नये? आणि त्याच्याशी बोलावं की त्याला त्याच्या वेळेवर सोडावं? ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

शेंडेफळ

ताई, मी तुमच्या मुलाच्या जागेवर होते. माझा दादा चौदाव्या वर्षी गेला तेव्हा मी अकराची होते. आता चाळिशी ओलांडली आहे.

आधी एक विचारते. तिला तपासताना डॉक्टर असंच सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला लावायचे का? आणि डोळ्यांसमोर बोट फिरवायचे का? तसं असेल तर तो खेळत नाहीये. रोज स्वतःला तपासतोय.

हे मी एवढ्या खात्रीने लिहितेय, कारण मी रात्री पांघरुणात मनगट धरून ठोके मोजायचे. दादाच्या हृदयाचे स्नायू जाड झाले होते आणि मैदानावर खेळताना तो कोसळला. तो आजार घराण्यातून येऊ शकतो, म्हणून नंतर माझीही तपासणी झाली. ईसीजी झाला, छातीवर थंडगार जेल लावून सोनोग्राफीसारखं काहीतरी झालं. मग डॉक्टरांनी आई-बाबांना आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. सगळं ठीक होतं. पण हे मला कुणी सांगितलंच नाही! त्यांना वाटलं, लहान आहे, तिला काय कळतंय तपासणी कशाची होती ते. बाहेर आल्यावर आई रडत होती, आनंदाने रडत असणार, पण मी त्याचा अर्थ उलटा लावला. पुढची तीन वर्षं मी चौदाव्या वाढदिवसाची वाट पाहत होते. आपला नंबर तेव्हा लागणार, असं मी धरूनच चालले होते.

शहाणी तर मीही झाले होते. घरात आई एवढं रडत होती की मी रडले तर घर पडेल असं वाटायचं. पाहुणे कौतुक करायचे, मग आणखी शहाणी व्हायचे. तुमचा मुलगा दाराशी येतो आणि तुम्ही जाग्या आहात असं वाटलं की परत जातो, ते वाचून मला थांबावं लागलं. तो तुम्हाला त्रास न देता तुमच्याजवळ यायला बघतोय.

भीती हा एक भाग झाला. दुसरा भाग मला मोठेपणीच नीट सांगता आला. पंधरावं लागलं तेव्हा मी दादापेक्षा मोठी झाले. तो मला "ए लहान" म्हणायचा, आणि आता तो कायमचा माझ्यापेक्षा लहान. मला त्याच्याकडून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी त्याच्या कपाटाला पाठ लावून बसले होते आणि जेवायलाही बाहेर आले नाही. वय आहे, नखरे सुरू झाले, असं सगळ्यांना वाटलं.

म्हणून माझं म्हणणं, त्याला सोडू नका. स्पष्ट शब्दांत सांगा की ताईची गाठ संसर्गाने होत नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही. डीआयपीजी जवळजवळ सगळ्याच मुलांमध्ये वंशाने आलेला नसतो, म्हणजे तिला झाला म्हणून भावाला होईल असं नाही. कुणी काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे तो होत नाही. दहा या आकड्याशीही त्याचा काही संबंध नाही. ही वाक्यं तुम्हाला इतकी उघड वाटतील की सांगायची गरज वाटणार नाही. माझ्या आईलाही वाटली नव्हती.

मी_वाचते

उत्तर माझ्याकडे नाही, ताई. पण तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं तर इथे लिहा. आजाराबद्दल नको, तिच्याबद्दल. कशी होती?

परतीचा_पाऊस

वडिलांच्या बाजूने थोडं लिहितो. आमचा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला, सतरा वर्षांचा होता. त्यानंतर कितीतरी महिने मी रोज संध्याकाळी कागद लावत बसायचो. पंचनामा, विमा, कोर्टाच्या तारखा. प्रत्येक कागदाला प्लास्टिकचं पाकीट, वर क्रमांक. बायको एकदा म्हणाली, "तुला ही फाइल मिळाली, मला काय मिळालं?" तिला वाटत होतं मी कोरडा आहे. माझ्या लेखी त्याच्यासाठी करता येण्यासारखं तेवढं एकच काम उरलं होतं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये यावर एक मांडणी केली. तिचा मला फार उपयोग झाला, म्हणून सांगतो. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, ओढ. दुसऱ्या बाजूला घर चालवणं, नव्या परिस्थितीत उभं राहणं, काही वेळ दुःखापासून सुट्टी घेणं. दोन्ही लागतं, आणि माणूस निरोगी असेल तर एकाच दिवसात कितीदा तरी इकडून तिकडे जातो. नवरा-बायकोचा घोटाळा असा होतो, की तिला रडायचं असतं तेव्हा तो दुसऱ्या बाजूला असतो आणि तो रडण्याच्या काठावर येतो तेव्हा ती कशीबशी कामाला लागलेली असते. दोघांना वाटतं, समोरच्याला काही नाही.

संसार मोडण्याबद्दल जे वाचलंत ते खरं धरू नका. फार मोठे आकडे सांगितले जातात, त्यांना आधार सापडत नाही. कम्पॅशनेट फ्रेंड्स ही मूल गमावलेल्या आई-वडिलांची संस्था आहे. तिने २००६ मध्ये अमेरिकेत पाहणी केली, त्यात घटस्फोटाचं प्रमाण सुमारे १६ टक्के निघालं. या संस्थेची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात १९६८ मध्ये दोन मुलगे गेले, दोन वेगळ्या घरांतले. तिथे सायमन स्टीफन्स नावाचे तरुण पाद्री होते. आपण कितीही धीर दिला तरी ही दोन जोडपी एकमेकांना जे देऊ शकतात ते आपल्याकडे नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १९६९ मध्ये गट सुरू झाला. मलाही बोलता आलं ते असाच मुलगा गमावलेल्या एका माणसाशी, आणि तेही गाडीत शेजारी बसून, समोर रस्त्याकडे बघत.

तेव्हा ताई, यजमानांना समोर बसवून "तुला काय वाटतं" असं विचारू नका. मला तसं विचारलं की माझा घसा बंद व्हायचा. त्यांना काम द्या. मुलाला आजाराबद्दल समजावून सांगायचं आहे, ते तुम्ही सांगाल का, असं विचारा. बघा काय होतं.

शाळेची_घंटा

मी शाळेतल्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. शेंडेफळ यांनी जे ओळखलं ते माझ्याही मनात आलं होतं. त्यांच्याशी एका बाबतीत मात्र माझं वेगळं मत आहे, ते शेवटी लिहिते.

तुम्हाला प्रश्न पडला असेल की अडीच वर्षांनी आता का. मृत्यू म्हणजे कायमचं, तो उलटत नाही, शरीराचं काम पूर्ण थांबतं आणि तो सगळ्यांना येतो, हे मुलांना एकदम कळत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना बहुधा वाटतं की माणूस परत येईल. साधारण सात-आठच्या सुमारास हे तुकडे जुळायला लागतात. तुमचा मुलगा सात वर्षांचा असताना त्याला जेवढं कळलं, त्यापेक्षा कितीतरी जास्त आत्ता कळतंय. ताई गेली हे तेव्हा कळलं होतं, मीही मरू शकतो हे आता कळतंय. मुलं मोठी होताना तेच दुःख नव्या समजेने पुन्हा जगतात. पंधराव्या वर्षी पुन्हा होईल, कदाचित लग्नाच्या वेळीही. त्यात बिघाड काही नाही.

या वयाच्या मुलांना आणखी एक गोष्ट छळते. आपण काही बोललो, मनात काही वाईट आलं, म्हणून हे घडलं, असं त्यांना वाटतं. आजारी बहिणीकडे सगळ्यांचं लक्ष असताना भावाला राग येतोच. आणि मग ती गेली. ही गोष्ट मुलं आपणहून फार क्वचित सांगतात, त्यामुळे कुणी विचारलं नसलं तरी सांगावं लागतं की तुझ्या कुठल्याही रागामुळे हे झालेलं नाही. सांगताना "झोपली", "लांब गेली" असे शब्द नकोत. झोपली म्हटलं की काही मुलं झोपायलाच घाबरतात. मेली हा शब्द तुमच्या तोंडून निघणार नाही, मला कल्पना आहे. "तिचं शरीर काम करायचं थांबलं" एवढं म्हटलं तरी चालेल.

नातेवाइकांच्या पाच टप्प्यांबद्दल. ते मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले, पण स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मूल गमावलेल्या आईसाठी ती परीक्षेची इयत्ता नाही. तुम्ही कुठेही अडकलेल्या नाही आहात. तिला विसरून पुढे जायचं, हा जुना आग्रहही आता या क्षेत्रात मागे पडलाय. गेलेल्या माणसाशी नातं चालू राहतं, त्याचं रूप बदलतं, असं १९९० च्या दशकापासून अभ्यासक मांडत आले आहेत. घरात तिचं नाव घेतलं जावं.

मदत कधी घ्यावी, तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आहे. त्यासाठी सहा महिन्यांची अट असली तरी नुसते महिने मोजून ते ठरत नाही. तीव्र ओढ आणि वेदना जवळजवळ रोज राहते आणि माणसाचं रोजचं जगणंच ठप्प होतं, तेव्हा ते लागू होतं. मुलाची झोप उडाली, शाळेत जायला नको म्हणू लागला, पोट-डोकं सारखं दुखू लागलं, किंवा सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "मला ताईकडे जायचंय" अशा अर्थाचं काही बोलला, तर वाट न बघता बालमानसतज्ज्ञाकडे न्या. तो दाराशी येऊन परत जातो हे मी तुमच्या जागी असते तर आत्ताच त्यांच्या कानावर घातलं असतं.

आता मतभेद. "तू स्वतःला तपासतोस ना?" अशी सुरुवात कृपया करू नका. ती रेघ हा त्याचा रोजचा आधार आहे. तो उघडा पाडला तर तो लपून तपासेल. आजाराची माहिती जाता जाता द्या, प्रश्नांना जागा ठेवा. आणि "तुला कधीच काही होणार नाही" असं वचनही देऊ नका. तुम्ही तिलाही असंच काही म्हणाला असाल आणि त्याने ते ऐकलं असेल.

दोघांची_आई

हो. तसंच चालायला लावायचे. बोटही तसंच. वाचल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं. त्याने पूर्ण वाचलं, परतीचा_पाऊस यांचं दोनदा वाचलं, आणि काही न बोलता फोन परत दिला. रविवारी तो मुलाच्या सायकलची चेन साफ करत बसला होता, मुलगा शेजारी. मी आतून ऐकत होते. त्याने गाठीबद्दल सांगायला सुरुवात केली. लागत नाही, घराण्यातून आलेली नाही. मुलाने विचारलं, "मग ताईला का झाली?" तो म्हणाला, "मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. गाठीच्या पेशींमध्ये काय बिघडतं ते त्यांना २०१२ मध्ये सापडलं, पण ते का बिघडतं ते अजून सापडलेलं नाही." त्याने हे सगळं वाचून ठेवलं होतं, मला पत्ताच नव्हता. बराच वेळ नुसता चेनचा आवाज. मग मुलगा म्हणाला, "मी तिचा गेम लपवला होता म्हणून नाही ना?"

नवरा रडला. अडीच वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर.

मी_वाचते, तुम्ही विचारलंत म्हणून. ती विनोद सांगताना शेवट यायच्या आधीच स्वतः हसायला लागायची. इतकी, की एकाही विनोदाचा शेवट आम्हाला कधी कळला नाही. धाकट्याला मात्र सगळे कळायचे, कसे कोण जाणे. सासूबाईंना हे वाचून दाखवलं, तर त्यांनीच तिचे आणखी तीन किस्से सांगितले.

बालमानसतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. रेघेवरून चालणं थांबलेलं नाही, आम्हीही काही बोललो नाही. वाढदिवसाचं पुन्हा विचारलं तर म्हणाला, "दहावा नको. अकरावा करू." हे मान्य करावं ना? की मग त्याची भीती आणखी घट्ट होईल?

शेंडेफळ

मान्य करा. त्याला ते वर्ष पार करायचंय आणि पार होईल असं त्याने पहिल्यांदाच बोलून दाखवलंय. वर्षभरात कधीही त्याचं मत बदललं तर तेव्हा करा, तारखेचं बंधन नको. फक्त तो दिवस इतर दिवसांसारखा कोरडा जाऊ देऊ नका, तुमच्यापैकी एकाने त्याच्यासोबत घरी राहा. आणि बहिणीच्या वयाचा नेमका दिवस तो मनात मोजत असणार, वाढदिवसानंतर काही महिन्यांनी येणारा. ती तारीख तुम्हीही काढून ठेवा. त्या आठवड्यात बाहेरगावचं काही ठरवू नका.

शाळेची_घंटा

सहमत. वर्गशिक्षकांशी वाढदिवसाच्या आधी बोलून घ्या. अनेक वर्गांत त्या दिवशी मुलाला पुढे उभं करून सगळे गाणं म्हणतात. तसं करू नका, आणि का नको हे वर्गाला सांगू नका, एवढं त्यांना सांगा. तुम्ही हे शिक्षकांना सांगितलं आहे हे मुलालाही कळू द्या, नाहीतर आदल्या रात्री तो त्याच काळजीत जागा राहील.